माझ्या सिनेमाचा कोहळा

बंगळुरात टीव्हीसाठी माझ्याइतकं झपाझप लिहिणारा दुसरा कुणी नव्हता! हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. माझी मालिका अकरा वर्षं चालली होती आणि अजून चालूच होती. तिच्यातल्या आजीला मी तीनदा मारलं आणि तीनदा उठवून बसवलं! अशा माणसाला सिनेमा म्हणजे काय, डाव्या हातचा मळ! असं मी निर्माते रुद्रेगौडांना छातीठोकपणे सांगितलं आणि त्या भल्या माणसाला ते खरं वाटलं; दिग्दर्शनही माझ्याच गळ्यात घातलं.

सकलेशपूरजवळच्या कॉफीच्या मळ्यात शूटिंग सुरू झालं. आजीच्या भूमिकेत अर्थात मालिकेतल्याच जलजाक्षम्मा. मला त्या धाकटा मुलगा मानत, म्हणून चारचौघांत शिव्याही घालत. शेवटच्या प्रसंगात पळून गेलेला मुलगा परत येतो आणि आजी दार उघडते. त्या दारासाठीच मी सगळा सिनेमा लिहिला होता.

निम्मं शूटिंग झालं आणि साडेसाती लागली. कॅमेऱ्यात रीळ अडकलं, मोठा दिवा फुटला, हीरोच्या पायावरून ट्रॉली गेली.

"दृष्ट लागलीय!" मी म्हणालो. सामानाच्या गाडीत एक गलेलठ्ठ कोहळा दिसला. दसऱ्याला आम्ही गाड्यांपुढे फोडतोच की! त्याला भोक पाडून कुंकू भरलं, वर कापूर पेटवला, कॅमेऱ्यावरून ओवाळला आणि दिला अंगणात आपटून!

टाळ्यांचा कडकडाट! लाइटवाले एकमेकांना मिठ्या मारू लागले. मेकअपवाल्यानं पेटी बंद केली. हीरो माझ्या पाया पडला आणि लंगडत गाडीत जाऊन बसला.

"अहो, चाललात कुठे?"

व्यवस्थापक चन्नप्पा धावत आला. "सार, हे काय केलंत! स्वस्त मिळाला म्हणून आधीच आणून ठेवला होता. कोहळा शेवटच्या दिवशी फोडतात! फुटला की शूटिंग संपलं!"

"मला कोण सांगणार?"

"अकरा वर्षं धंद्यात आहात ना, सार!"

होतो हो! पण माझी मालिका कधी संपलीच नाही, तर मी कोहळा बघणार कुठून?

तेवढ्यात रुद्रेगौडांचा फोन! कुणीतरी बातमी पोचवली होती. "निम्म्या दिवसांत संपवलात? शाब्बास! टीव्हीवाल्यांचं हेच तर कौतुक!"

मी फोन ठेवला आणि निघालेल्यांमागे धावलो. सगळ्यांना हातापाया पडून थांबवलं. हीरोला तर बसस्टँडजवळच्या हॉटेलातून, हातातल्या तांदळाच्या अक्की रोटीसकट उचलून आणलं. पण जलजाक्षम्मा हटून बसल्या.

"कोहळा फुटल्यावर मी तोंडाला रंग लावत नाही. आजवर लावलेला नाही."

"अम्मा, दार उघडायचं राहिलंय हो!"

"ते आपटायच्या आधी आठवायचं होतंस, गाढवा!"

मी पायरीवर बसलो आणि खरंच रडलो. एवढा मोठा घोडा, सगळ्या युनिटसमोर!

अम्मांना माझी दया आली असावी. "पूस डोळे. मेलेल्या मला तीनदा उठवलंस ना? हा सिनेमा मेला असं समज. उद्या दुसऱ्याचा मुहूर्त कर!"

दुसऱ्या दिवशी नारळ फोडला, क्लॅपच्या पाटीवर नवं नाव घातलं आणि उरलेला सिनेमा 'दुसरा सिनेमा' म्हणून पुरा केला. शेवटी अम्मांनी दार उघडलं. मी पानभर संवाद लिहिला होता. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पदरानं फक्त मुलाच्या तोंडावरची धूळ पुसली. मी 'कट' म्हणायचं विसरलो आणि रीळ संपलं.

चन्नप्पानं नवा कोहळा उचलला, तर अम्मांनी त्याचा हात धरला.

"ठेव खाली. ताक घालून मज्जिगे हुळी करा त्याची. फोडला तर संपेल. नाही फोडला, तर या गाढवाला मला परत बोलवावं लागेल."

रात्री सगळ्यांनी भुरके मारत हुळी खाल्ली. अम्मांनी दोनदा मागून घेतली.

सिनेमा दोन आठवडे चालला. मला पुन्हा कुणी दिग्दर्शन दिलं नाही. अम्माही गेल्या. मी मुकाट्यानं मालिकेकडे परतलो. लोक अजून विचारतात, "सार, दुसरा सिनेमा कधी?"

"शूटिंग चालू आहे!" मी सांगतो. कोहळा फुटलेला नाही, म्हणजे चालूच की!

फक्त अम्मांच्या तारखा मिळत नाहीयेत.