तोंडात दगड

बुटाच्या तळाला अडकलेला खडा फेकून द्यायचा की खिशात टाकायचा, एवढाच प्रश्न होता. मी तो खिशात टाकला. पुढे आमचं सिंक तुंबलं, कुंडीतलं झाड गेलं, बायकोने वडिलांना बोलावून घेतलं, ते सगळं त्या खड्यावरून. फेकला असता तर आज मी सुखात असतो. (सुखात म्हणजे, निदान सासऱ्यांच्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझी गोष्ट सांगितली गेली नसती.)

मी चपला-बुटांच्या दुकानात कामाला आहे. शाळा मी लवकर सोडली. शाळेनेही फार आग्रह केला नाही. या कामात दिवसभर मान खाली घालून बसता येतं. ज्याला समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला लाज वाटते, त्याला याहून चांगली नोकरी मिळायची नाही. माणसं मी पायांवरून ओळखतो. मालकांची टाच जरा फाकलेली आहे आणि डाव्या अंगठ्याला कुरूप आहे, हे मी झोपेतही सांगेन. त्यांना मिशी आहे की नाही, हे मात्र बघून सांगावं लागेल.

लग्नाआधी मी आणि बायको एकदा बागेत भेटलो होतो. तेव्हा मी तिच्याशी एकच वाक्य बोललो: "तुमच्या सँडलचा पट्टा सैल झालाय." तिला ते काळजीचं वाटलं आणि तिने होकार दिला. त्यानंतर वर्ष होत आलं तरी ती माझ्या दुसऱ्या वाक्याची वाट बघत होती. भाजी आणतो, गॅस संपला, पाणी आलं, असं मी बोलायचो. पण ती वाट बघत होती ते वाक्य वेगळं होतं. एके दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना ती सहज म्हणाली, "अहो, मी आवडते ना तुम्हाला? कधी बोलला नाहीत म्हणून विचारते."

मी जोरात मान हलवली. नेमकी तेव्हा ती उशीचा अभ्रा उलटा करण्यात कोपरापर्यंत आत गेलेली होती. तिने मान वर केली तेव्हा माझी हलून झाली होती. तीच पुन्हा हलवायचा मला धीर झाला नाही.

तेव्हाच ठरवलं, की हिच्या वाढदिवसाला असं काहीतरी द्यायचं की बोलायची गरजच उरणार नाही. आणि त्याच आठवड्यात ते बूट दुकानात आले.

त्यांचे मालक उंच गृहस्थ असावेत, कारण आवाज बराच वरून यायचा. मी त्यांना बूटवाले म्हणतो. तळव्याच्या खाचांत वाळू, शिंपले, खडे, अर्धी नदी भरलेली. एक राखाडी खडा मी चिमट्याने उपटला आणि सवयीने थुंकी लावून अंगठ्याने पुसला. (बूट असेच पुसतो आम्ही. गिऱ्हाइकाला सांगत नाही.) तो खडा एकदम हिरवागार झाला, आत पांढऱ्या रेघा, पानाच्या शिरांसारख्या. मी बघतच राहिलो. बघता बघता तो सुकला आणि परत राखाडी झाला.

"रंग आतच आहे," बूटवाले वरून म्हणाले. "झिलई दिली की तो कायमचा ओला दिसतो."

कायमचा ओला. हे मला फार आवडलं. खडा मी खिशात टाकला.

बूटवाल्यांना दगडांचा छंद होता. घराच्या मागच्या खोलीत त्यांनी दगड कापायचं यंत्र बसवलं होतं. पाण्याच्या धारेखाली गोल पातं फिरायचं आणि दगड सुरीने साबण कापावा तसा कापला जायचा. रविवारी ते मला नदीवर न्यायला लागले. घरी मी सांगायचो, दुकानात माल लावायचाय. माल लावून मी गुडघ्यापर्यंत भिजून यायचो. बायको पँट पिळायची आणि काही बोलायची नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं.

दगड निवडायची पद्धत एकच: ओला करून बघायचा. झिलईनंतर तो कसा दिसेल ते लगेच कळतं. नदीवर पाणी असतं. घरात, गॅलरीत, जिन्यात, दर वेळी कुठे पाणी शोधणार? बूटवाले सरळ चाटायचे. मीही चाटायला लागलो. सवय इतकी लागली की चांगला दगड मी चवीवरून ओळखतो असं मला वाटायला लागलं. (ओळखत नाही. सगळे सारखेच लागतात.)

एकदा आरशासमोर उभा राहून मी एक दगड चाटत होतो आणि मागे बायको उभी राहिली. घाबरून मी तो तोंडात टाकला.

"काय खाताय?"

मी मान हलवली.

"तोंड उघडा."

मी मान हलवली. तिने माझ्या हनुवटीखाली तळहात धरला, लहान मुलापुढे धरतात तसा. मी दगड तिच्या हातावर ठेवला. मग तिने विचारलं, भूक लागली होती का. मी हो म्हणालो, कारण तेच सोपं होतं. त्या दिवसापासून ती मला एक पोळी जास्त वाढायला लागली आणि फोनवर मावशीशी हळू आवाजात बोलायला लागली. मावशीचं म्हणणं असं पडलं, की माती-खडू खायची इच्छा पोटुशा बायकांना होते. पुरुषाला झाली तर डॉक्टरच गाठावा.

तो हिरवा खडा आता चिंचोक्याएवढा, बदामी आकाराचा कापून झाला होता. उरलं होतं घासायचं काम. त्यासाठी बूटवाल्यांनी मला त्यांचा जुना फिरता डबा दिला. रबरी डबा, खाली लहान मोटार. आत दगड, पाणी आणि कुरुंदाची खरखरीत भुकटी घालायची आणि डबा दिवसचे दिवस फिरत ठेवायचा. मग डबा धुवायचा, आणखी बारीक भुकटी घालायची, परत फिरवायचा. एकटा दगड नीट घासला जात नाही म्हणून सोबत बाकीचे किरकोळ दगड. देताना बूटवाल्यांनी बऱ्याच सूचना दिल्या. मी त्यांच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत हो हो म्हणत होतो. त्यातली एक सूचना, डब्यातला गाळ मोरीत ओतायचा नाही, बाहेर मातीत टाकायचा, मी ऐकली होती. का, ते विचारायचं राहिलं. लाज वाटली.

डबा मी बाथरूमच्या माळ्यावर, जुन्या गादीमागे ठेवला. घरभर घरघर ऐकू यायला लागली. बायकोने विचारलं तेव्हा मी छताकडे बोट दाखवलं. ती वरच्या मजल्यावर जाऊन भांडून आली. वरच्या वहिनी म्हणाल्या, आम्हीच तुमच्याकडे यायला निघालो होतो.

गाळाचं म्हणाल तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. माती आहे ती बायकोच्या कुंड्यांत. पहिला गाळ मी मोगऱ्याच्या कुंडीत ओतला. मोगऱ्याने आठवड्याभरात मान टाकली. ती पिवळी पानं खुडताना बायकोचा चेहरा मला बघवेना, म्हणून पुढचा गाळ मी सिंकमध्ये ओतला. छान गेला. जाळीत जरा अडत होता, तर मी जाळी काढून ठेवली. आपलं डोकं तसं बरं चालतं, असंही मला तेव्हा वाटलं.

शेवटची झिलई झाली. वाढदिवस चार दिवसांवर आला होता. बायको दळण आणायला गेलेली बघून मी डबा उतरवला, घाईघाईने सिंकमध्ये उपडा केला, दगड धुतले आणि टॉवेलवर मांडले. सगळे किरकोळ दगड काचेसारखे चमकत होते. हिरवा नव्हता.

पुढचे दिवस मी घर शोधत होतो. पलंगाखाली गेलो, पिठाच्या डब्यात हात घातला, केरसुणी झटकली, बायकोच्या पर्समध्येही बघितलं. काय शोधताय, असं तिने विचारलं की मी म्हणायचो, काही नाही. शेवटी ती पलंगावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्हाला मी इथे नको असेन तर तसं सांगा. मी थोडे दिवस बाबांकडे जाऊन राहते. त्यांना उद्या बोलावलंय मी."

मी तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. ती उठून बॅग भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता. सकाळीच दारात जाड रबरी तळव्याचे काळे बूट दिसले. पुढचा भाग पाण्याने पांढरा पडलेला. सासरे.

सासऱ्यांचं नळ-पाइपांचं दुकान आहे आणि ते स्वतः प्लंबर आहेत. हत्यारांची पिशवी घेतल्याशिवाय ते कुठेच जात नाहीत, लग्नातही ती खुर्चीखाली होती. माझ्याशी बोलायला त्यांना एकच विषय असतो, पाण्याचा जोर कसा आहे. त्या दिवशी ते काहीच न बोलता समोर बसले. बॅग दाराशी होती. बायको चहाची भांडी विसळायला आत गेली आणि आतूनच म्हणाली, "बाबा, सिंकमधलं पाणी जात नाहीये."

मी माझ्या आयुष्यात एखाद्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला बघितला नाही. (त्या दिवशी मी चेहऱ्याकडे बघत होतो, यावरूनच माझी अवस्था समजून घ्या.) सासरे बाह्या सरसावून सिंकखाली शिरले. मी म्हणालो, राहू द्या, नंतर बघू. ते म्हणाले, जावईबुवा, टॉर्च धरा.

त्यांनी तार घातली. तार वाकली. पाना लावला, वाकडी नळी सोडवली, उलटी करून आपटली. काही पडेना. नळीवर बोट वाजवलं तर ठण्ण वाजली. मग त्यांनी करवतीने नळी उभी कापली आणि केळं सोलावं तशी उघडली. आतून नळीच्याच आकाराचा, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकलेला, गुळगुळीत राखाडी दगड निघाला.

सासरे तो दोन्ही हातांत धरून खाली बसले.

"तीस वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आदर होता. "हे बनवलं कसं?"

बायको माझ्याकडे बघत होती. मग सासऱ्यांनी टॉर्चच्या उजेडात त्याचं एक टोक अंगठ्याने पुसलं आणि थांबले. दगडासारख्या घट्ट झालेल्या राखाडी गाळात अर्धा रुतून, सोनाराने बसवावा तसा, हिरवा दगड बसला होता. पांढऱ्या रेघांसकट.

आता बोलणं भागच होतं. मी बोललो. सासऱ्यांच्या बुटांकडे बघून बोललो, पण बोललो: बूट, नदी, चाटणं, माळा, मोगरा, गाळ. मध्ये श्वास घेतला नाही. शेवटी म्हणालो, "अंगठी करायची होती हिच्यासाठी. आज."

सासरे म्हणाले, दिसतोय तर सुंदर. पण दगड ओला होता. ओला असताना नदीतला कुठलाही धोंडा सुंदर दिसतो. झिलई बसली आहे की नाही, ते सुकल्यावर कळणार होतं. हे मी त्यांना सांगितलं.

तेव्हा आम्ही तिघंही स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून एका दगडाच्या सुकण्याची वाट बघत राहिलो. सासरे फुंकर मारायला लागले तर बायकोने त्यांना थांबवलं, थुंकी उडेल म्हणून. तिने पदराने दगड अलगद टिपला आणि आपल्या तळहातावर तो वाकडा धोंडा तोलून धरला. गाळ सुकत गेला, फिका होत गेला. हिरवा दगड हिरवाच राहिला.

बायको उठली. दाराशी गेली. बॅग उचलून आत नेऊन ठेवली. येताना तिचे डोळे ओले होते, आणि ते चांगल्यापैकी सुकेपर्यंत सासऱ्यांनी नवी नळी बसवली.

छिन्नीच्या एका टोल्यात हिरवा दगड सुटून आला. सोनाराने तो चांदीत बसवला. बायको अंगठी बोटातून काढत नाही. अर्थात त्या अंगठीकडे अजून कोणी निरखून बघितलेलं नाही, कारण बघण्यासारखी वस्तू सासऱ्यांच्या दुकानात आहे. तो यू त्यांनी गल्ल्याशेजारी लाकडी बैठकीवर ठेवला आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ते अभिमानाने सांगतात, आमच्या जावयाने घरच्या घरी केलाय. परवा दोन अनोळखी चपलांनी माझ्यापुढे बसून विचारलं, नळीत दगड करणारे ते तुम्हीच का. मी त्यांना मापाची पट्टी लावली.

पण खरी गोष्ट अजून राहिलीच होती. अंगठी दिली तरी ते दुसरं वाक्य मी बोललो नव्हतो. काल म्हटलं, बस झालं. दुकानातून येताना रस्ताभर पाठ केलं. घरी आलो तर बायको ओट्याशी ताटं पुसत होती आणि अंगठीवर उजेड पडला होता. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पायांकडे नाही, तिच्या डोळ्यांकडे बघितलं. वाक्य अगदी जिभेवर आलं, गाल हलले, ओठ हलले, कान तापले.

तिने हातातलं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसला आणि तळहात माझ्या हनुवटीखाली धरला.

"काढा," ती म्हणाली.