खुर्चीवाल्यांचा रोग

दहिवलीचे दामूतात्या बैलाचा कासरा, छत्री, विडी, लोटा सगळं उजव्या हातातच धरायचे. डावा हात कायम शर्टाच्या खिशावर, नुसता ठेवलेला. कुणी नवखा विचारायचा, "हाताला लागलंय का ओ?" मग तात्या आवाज खाली आणायचे, पण चार माणसांना ऐकू जाईल इतकाच, आणि सांगायचे, "हाताला काय नाय. आपल्याला हार्ट हाय."

'माझी बागायत आहे' असं एखाद्यानं सांगावं, त्या ऐटीत.

मी तेव्हा कर्जतला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि राहायला तात्यांच्या शेजारी. पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. त्यामुळे त्यांच्या हार्टाचा सगळा इतिहास मला तोंडपाठ. तात्या दीड वर्ष सरपंच होते. त्या काळात खालापूरला कचेरीत कसल्याशा अर्जासाठी गेले असताना त्यांच्या डोळ्यांदेखत तिथल्या एका कारकुनानं डावी छाती धरली आणि खुर्चीतच मान टाकली. तात्या घरी आले ते शोध लावूनच. हा रोग खुर्चीतून येतो! माणूस बसून राहिला की रक्त खाली साचतं, आणि उठला की एकदम वर चढून काळजाला धडक मारतं. आणि दीड वर्ष खुर्चीत तर आपणही बसलोय की! झालं.

आमच्या डॉक्टरांनी त्यांना तीनदा तपासलं. "बैलाचं काळीज आहे तुमचं. जा, नांगर धरा," म्हणाले. तात्यांना तो अपमान वाटला. बाहेर येऊन मला म्हणाले, "शेतकऱ्याला साहेबाचा रोग झालेला बघवत नाय रं तुझ्या डॉक्टरला."

मग पथ्यं सुरू झाली. चढ चढायचा नाही. ओझं उचलायचं नाही. मयताला गेलं तरी लांब झाडाखाली उभं राहायचं. रागवायचं नाही, म्हणजे घरच्यांनी राग येईल असं काही करायचं नाही. तूप बंद. पण घरचं कढवलेलं असलं तर चालेल, "घरच्या तुपाला हार्ट वळखतं." बोलता बोलता मधेच बोट वर करायचे, "थांब रं, ठोके बघतो," आणि ठोके मोजून होईपर्यंत आम्ही सगळे मुकाट. गावाला हसायला विषय मिळाला. मीही पोट धरून हसलो, खोटं कशाला बोलू?

आता वाटतं, हसलो कशाला आपण. तात्यांनी डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं खरं, पण ते जमिनीवर नव्हतं पडलं. ते सगळं ठमाकाकीच्या डोक्यावर गेलं होतं.

ठमाकाकी म्हणजे त्यांची बायको. रस्त्यानं दोघं निघाली की पुढे तात्या मोकळ्या हातानं, मागून काकी भारा घेऊन, आणि वर तीच विचारणार, "दमलाव का ओ? बसायचं का जरा?" तिच्याइतकी माणसाची काळजी घेणारी बाई मी बघितली नाही. आणि तिची काळजी घेणारं कुणी नव्हतं.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर चैत्रात पाला, फांद्या, शेण पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. पाल्याचे भारे डोंगरातून आणायचे असतात. त्या वर्षी ते काकीनं एकटीनं आणले. एके दिवशी बाजार करून ती तात्यांना न सांगता दवाखान्यात आली. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. मला म्हणाली, "भाऊ, चढ चढलं का पाठीत दुखतं, दोन खांद्यांच्या मधी. जबडा आवळतो, घाम सुटतो. बसलं का जातं."

आज कुणी मला हे सांगितलं तर मी त्या माणसाला हातातली बाटली टाकून उचलून इस्पितळात नेईन. तेव्हा काय केलं? हसून म्हणालो, "काकी, पित्त आहे. आणि गावातल्या राबांचा धूर बसलाय छातीत." चार सोडामिंटच्या गोळ्या कागदात बांधून दिल्या. भारे वाहणाऱ्या बाईला, तेही छातीत दुखत नसताना, हृदयविकार? माझ्या स्वप्नातही आलं नाही. तात्या अडाणी होते. मी तर पांढरा कोट घालून बसलो होतो.

आणि घरी काय, घरी तात्याच वैद्य! ते पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेले. पाठीत उसण भरली, चमक निघाली, की पायाळू माणसानं पाठीवर तीनदा पाय लावायचा, उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. पार चौक गावापासून माणसं तात्यांकडे यायची. हार्टाच्या पथ्यात ते एवढं काम बसत होतं.

राब पेटवायच्या दिवशी सकाळी काकी बांधावरच खाली बसली. घामानं लुगडं भिजलेलं. "पाठ लय दुखते ओ," म्हणाली. तात्यांनी तिला पालथं निजवलं, आणि चार माणसांसमोर तिच्या पाठीवर तीनदा पाय लावला. "आता?" त्यांनी विचारलं.

"बरं वाटलं," काकी म्हणाली. उठली, घरी गेली, तात्यांची बिनमिठाची पेज चुलीवर ठेवली. पेज उतू गेल्याचा वास आला म्हणून माझी बायको धावली, तर काकी चुलीपुढे आडवी झालेली. संपलं होतं सगळं.

डॉक्टरांना मी सायकलवर डबलसीट घेऊन आलो. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "हार्ट ॲटॅक."

तात्या म्हणाले, "चुकताय तुमी, डॉक्टर. हिला कुठनं? ही जन्मात खुर्चीवर बसली नाय." मग माझ्याकडे वळले, "सांग रं त्यांना. हार्ट मला हाय."

कुणी हसलं नाही. माझ्या तळपायाची आग मात्र मस्तकात गेली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. अंगणात समोरासमोर आलो तरी मान फिरवायची. बाईचा जीव घेतला ह्या माणसाच्या नाटकांनी, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो. सोडामिंटच्या गोळ्यांचं मात्र कुणाला बोललो नाही. ते काकीबरोबर गेलं, असं धरून चाललो होतो.

भातकापणीच्या दिवसांत एका दुपारी तात्या दवाखान्यात आले. डॉक्टर जेवायला गेलेले. म्हटलं, "काय, ठोके बघायचेत?" बोलताना तोंड कडू झालं होतं माझं.

ते बाकावर टेकले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मग म्हणाले, "तू औषधातला मानूस. खरं सांग. मी पाय लावला तवा ती बरं वाटलं म्हनली. वाटलं असंल का रं? थोडं तरी?"

सहा महिने मी ह्याच घटकेची वाट बघत होतो. एक 'नाही' म्हटलं असतं की पुरे होतं. तोंडही उघडलं. पण त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून ते बाहेर पडेना.

"वाटलं असेल, तात्या," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हळूहळू उठले, आणि दारात जाऊन थांबले.

"तुझ्या गोळ्यांनीबी बरं वाटलं म्हनली होती हां ती. मी बोललो नाय कुनाला. म्हटलं, उगा तुझ्या जिवाला लागंल."