धोंडूमामांची वीस मिनिटं

धोंडूमामा माणसाशी ओळख करून घेतात ती त्याची जांघ दाबून. दचकू नका. महाडच्या आमच्या हार्टच्या हॉस्पिटलात ते सगळ्यात जुने वॉर्डबॉय आणि मी केसपेपर काढणारा. अँजिओग्राफीची नळी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बाहेर काढली, की रक्त थांबेपर्यंत ती जागा हाताने दाबून धरावी लागते. चांगली वीस मिनिटं. डॉक्टरांनी ते काम मामांना शिकवून ठेवलं होतं.

तीन बोटं रोवली की पहिला प्रश्न, "कुठलं गाव?"

पेशंटला हलायची परवानगी नाही आणि मामा हलत नाहीत. वरंधला कुणाचा बांध सरकला, दासगावच्या मावशींचं सुनेशी का फाटलं, सगळं मामांना ठाऊक.

मग बूच आलं. नळी काढल्यावर रक्तवाहिनीला राहिलेलं भोक ते बंद करायचं आणि पुढे आपोआप विरघळायचं. दोन मिनिटांत काम, पेशंट संध्याकाळी चालायला मोकळा. मामांनी नाक मुरडलं. "बूच बाटलीला असतं रे, माणसाला नाय!" दिवसभर ते पेशंटभोवती घिरट्या घालायचे, चादर उचलून रक्त येतंय का बघायचे. एकदा एक बूच नीट बसलं नाही, तेव्हा मामांनीच दाबून रक्त थांबवलं आणि पुढे महिनाभर आम्हाला ऐकवलं. पण बाकीची बुचं काही केल्या गळेनात. मामा दाराशी स्टुलावर नुसते बसून राहू लागले. मला त्यांचं हसू यायचं.

गेल्या महिन्यात माझ्याच छातीत दुखलं. अँजिओग्राफी झाली, सुदैवाने काही निघालं नाही. जांघेत बूच. मामा स्टूल घेऊन हजर.

"मामा, बूच घट्ट बसलंय."

"हाय ना. मी कुठं नाय म्हणतो?" त्यांनी पट्टीवर हलकेच हात ठेवला. दाबलंसुद्धा नाही. "बूच चांगलंच हाय रे. पन ते काय इचारत नाय कुनाला."

मामी गेल्यापासून मामांच्या गावच्या, कुडपणच्या घराला कुलूप आहे, मुलगा मुंबईला. इथे खोलीवर मामा एकटेच. दिवसभरात त्यांच्याशी कोण बोलत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"कुठलं गाव?" मामांनी विचारलं.

अकरा वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खातो. माझं गाव, घर, भावकी, सगळं त्यांना पाठ आहे.

"पोलादपूर," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.