भोंगा झाला की बसण्णा

गिरणीचा भोंगा झाला की सोलापुरातली माणसं घरातून गिरणीकडे पळायची. आमचे शेजारी बसण्णा तेवढे उलटे, जिथं असतील तिथून घराकडे पळायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते न्हाव्याच्या दुकानासमोर. भोंगा वाजला आणि आतून एक साठीचे गृहस्थ सुसाट बाहेर पडले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस, गळ्यात न्हाव्याचं फडकं आणि हातात धोतराचा सोगा. मला वाटलं, दुकानाला आग लागली. न्हावी मात्र शांतपणे वस्तरा पुसत होता. "येतील माघारी," तो म्हणाला, "अर्धी ऱ्हायलीय की अजून." आणि खरंच, थोड्या वेळानं बसण्णा परत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी दुसरा गाल पुढे केला.

मी नुकताच बदलून सोलापूरला आलो होतो. सरकारी कारकुनाला मिळतं तसं चाळीतलं एक बिऱ्हाड मिळालं होतं. बसण्णांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. त्यामुळे पळत घरी जाऊन ते काय करतात, हे मला पहिल्याच सकाळी कळलं. बाहेर भोंगा हुंकारायला लागला आणि भिंतीपलीकडून "ओम नमः शिवाय" सुरू झालं. जप म्हणजे ओठातल्या ओठात करायची गोष्ट, अशी माझी समजूत होती. हा जप भोंग्याच्या उरावर बसायचा. भोंगा चढला की बसण्णा चढत, भोंगा उतरला तरी हे आणखी थोडा वेळ वरच. आमच्या फळीवरची पितळी भांडी किणकिणायची. कुसुम, म्हणजे आमची मंडळी, पहिल्या दिवशी उठून बसली आणि म्हणाली, "कुणाला तरी मारताहेत हो!"

आणि हे सगळं कशासाठी, तर मनःशांतीसाठी. बसण्णा स्वतःच सांगायचे. अर्धं आयुष्य गिरणीत मागावर गेलेलं, त्यामुळे त्यांचं खासगी बोलणंही सगळ्या चाळीला ऐकू जाई. "जोशीसायेब, दिवस लई वंगाळ आलेत. मन ठिकाण्यावर ठिवाय पायजे. भोंगा झाला की सगळं टाकायचं आन् शिवाचं नाव घ्यायचं. बघा कसं गार वाटतंय."

दिवस वाईट होते हे खरंच. दुष्काळाचं साल होतं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापताना बायका रडकुंडीला यायच्या. नळाला पाणी कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नव्हता. जो तो दुसऱ्यावर खेकसत होता, आणि बसण्णा कमरेला इबत्तीची, म्हणजे विभूतीची, पिशवी लावून जो खेकसेल त्याच्या कपाळावर तीन पट्टे ओढत फिरत होते. सोबत त्यांचं ठरलेलं कानडी वाक्य असायचं, "इरली बिडु." असू दे, सोड.

एकदा नळावर शांताबाई आणि यल्लव्वा यांची घागरीवरून जुंपली. बसण्णा मध्ये पडले. दोघींना इबत्ती लावली, समोरासमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि जप सांगायला सुरुवात केली. "घशातनं न्हाय, पोटातनं काढा की!" दोघी पोटातून काढेपर्यंत नळ सुसकारा टाकून बंद पडला. मग मात्र दोघींची अशी गट्टी जमली की दोघी मिळून बसण्णांवर तुटून पडल्या. बसण्णा शिव्या खात घरी आले आणि मला म्हणाले, "भांडान मिटलं बघा."

माझ्या बाबतीत तर त्यांनी कहरच केला. साहेबांनी मला दौऱ्याबद्दल बोलायला बोलावलं होतं. मी घाबरून निघालो होतो, तेवढ्यात जिन्यात गाठून यांनी माझ्या कपाळावर तीन ठसठशीत पट्टे ओढले. घाईत पुसायचं राहिलं. साहेब मूळचे दुधनीचे, कानडी मुलखातले. माझ्या कपाळाकडे पाहून त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी थेट कानडीत बोलायला सुरुवात केली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण साहेब प्रथमच हसून बोलत होते. मी प्रत्येक वाक्याला हसून मान डोलावली. बाहेर आल्यावर शिपायानं सांगितलं की भर एप्रिलात मंगळवेढ्याची फिरती मी आनंदानं मान्य केली आहे. संध्याकाळी मी बसण्णांवर तडकलो. ते म्हणाले, "पर मन शांत हुतं की न्हाय आत जाताना?" होतं, हे मला कबूल करावं लागलं. त्यानंतर मी निमूटपणे थोडं थोडं कानडी शिकायला लागलो.

जप शिकवायचा त्यांचा नाद तर विचारूच नका. चाळीत एक माणूस सोडला नाही. जो शिकेल त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्या दिवसांत घरच्या ज्वारीची भाकरी दुसऱ्याला देणं म्हणजे काय ते ज्यांनी मिलो खाल्लाय त्यांना कळेल. मीही भाकरीच्या लोभानंच शिकलो. माझा गळा असा की शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. बसण्णांना त्याचं काही नव्हतं. त्यांना सूर नको होता, आवाज हवा होता. "मोट्यानं! भोंगा ऐकू यिनासा झाला पायजे!"

मी एकदा वैतागून विचारलं, "बसण्णा, तुमचा देव बहिरा आहे का?"

"देवाला चांगलं ऐकू येतंय हो," ते म्हणाले, आणि माझ्या हातावर आणखी एक भाकरी ठेवली.

त्यांच्या घरात मी कधी गेलो नव्हतो. बसण्णा सगळ्यांच्या दारात जात, पण त्यांच्या दारात कुणी गेलं तर ते उंबऱ्यातच उभे राहून बोलत. त्यांच्या बायकोला, गौरव्वाला, मी एकदोनदा खिडकीत पाहिलं होतं. त्यांचा एकुलता मुलगा सिद्राम गिरणीत अपघातात गेला, एवढं चाळीनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्याच्यापुढे कुणी बोलत नसे. मुलगा गेल्यावर बसण्णांनी काम सोडलं. अक्कलकोटला सख्ख्या भाचीचं लग्न होतं, त्यालाही गेले नाहीत. "नेम मोडतो," म्हणाले. नेमापायी नातं सोडणाऱ्या माणसाचा मला तेव्हा रागच आला होता.

हिवाळ्यात बसण्णांचा आवाज बसायला लागला. आधी घोगरा झाला, मग फाटला. डॉक्टरांनी घसा तपासला, मान हलवली आणि बोलणं बंद करायला सांगितलं. बसण्णांनी बोलणं बंद केलं, जप नाही. रोज भिंतीपलीकडून तो आवाज थोडा थोडा विरत गेलेला आम्ही ऐकत होतो. माझी भांडी किणकिणायची थांबली. वाईट वाटलं नाही असं नाही, पण सकाळची झोप बरी लागायला लागली होती.

एका रविवारी दुपारी मी घरी होतो. भोंगा झाला. पलीकडून जप आला नाही. त्याऐवजी भिंतीवर धपाधप काहीतरी आपटायला लागलं. मी धावत गेलो. दार आतून लोटलेलं होतं. जोर लावून ढकललं तर दाराला पाठ लावून बसण्णा उभे, हातात तांब्या, त्यानंच भिंत बडवत होते. आणि समोर गौरव्वा. डोक्यावरचा पदर खाली आलेला, पायात काही नाही, छातीशी जेवणाचा डबा घट्ट धरलेला. ती बसण्णांना बाजूला सारून दार गाठायला बघत होती आणि कानडीत एकच म्हणत होती. एवढं कानडी तोवर मला येत होतं. "सोडा मला, पोराचा डबा राहिलाय. भोंगा झाला, पोराचा डबा राहिलाय."

बसण्णांचं तोंड उघडं होतं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आवाज मात्र येत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या टाकून स्वतःच्या पोटावर हात मारला.

मी पोटातून काढला. कसा ते मला माहीत नाही. बेसूर, भसाडा, भोंग्याच्या वरताण. गौरव्वाचे हात सैल पडले. ती भिंतीशी खाली बसली, डोळे मिटले, डबा मांडीवर ठेवला. भोंगा संपून गेला तरी मी थांबलो नाही. बसण्णा दाराशी बसून नुसते ओठ हलवत होते, शाळेत मी हलवायचो तसे.

ती शांत झाल्यावर त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजले. "त्या दिशी भोंगा अवेळी झाला. ही भाकरी टाकून गेटावर पळाली. हिच्या म्होरंच त्याला भाईर आनला." मग म्हणाले, "तवापासनं भोंगा झाला की उठती. म्या म्हनायला लागलो की हितंच बसती. पर म्या किती दिस पुरनार? म्हनून तुमाला समद्यांना शिकिवत हुतो."

मला त्या भाकऱ्या आठवल्या.

बसण्णांचा आवाज परत आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले. त्यांना लिंगायत रीतीनं मातीत बसवलं तेव्हा गौरव्वा बघत होती, पण तिला काय कळलं ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि ती डबा घेऊन उठली.

दुपारचा भोंगा आता शांताबाई आणि यल्लव्वा सांभाळतात. अजूनही भांडतात, पण त्या वेळेपुरत्या दोघी शेजारी बसतात. सकाळ-संध्याकाळ माझी. परवा न्हाव्याच्या खुर्चीत होतो आणि लांब भोंगा सुरू झाला. न्हाव्यानं वस्तरा बाजूला घेतला. मी पळत आलो, गालावर साबण तसाच, आणि दारातूनच सुरुवात केली.

बायकांचा जप गौरव्वा निमूट ऐकते. माझा संपला की मात्र डोळे न उघडता रोज कानडीत एकच विचारते, "तुमची सर्दी अजून गेली नाही का हो?"

मी म्हणतो, "इरली बिडु."