मॅनेजरच्या पदवीची मागची बाजू

"त्यात काय एवढं!" हे मॅनेजरचं लाडकं वाक्य. घरात पाणी शिरलं तरी तो हेच म्हणायचा आणि जिन्यावरून स्वतः घसरला तरी हेच.

मॅनेजर हे काही त्याचं नाव नव्हे, आणि खरं सांगायचं तर हुद्दाही नव्हे! व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेऊन तो घरी आला, त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकवलं होतं, "आमचा मुलगा मॅनेजर झाला!" तेव्हापासून दूधवाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्याला मॅनेजरच म्हणत. प्रत्यक्षात तो पंपांच्या कारखान्यात, खरेदी विभागात, प्रमुखांच्या हाताखाली बसायचा. तोंडाने कितीही फुशारक्या मारल्या तरी ती हाक आली की त्याला आत कुठेतरी टोचायचं. एकदा तरी ती खरी व्हावी, एवढीच त्याची इच्छा होती.

आणि तसा योग आलाच! खरेदी विभागाचे प्रमुख निवृत्त झाले. मोठ्या साहेबांनी मॅनेजरला बोलावून सांगितलं, "खुर्ची तुमचीच. फक्त व्यवस्थापकांच्या संघटनेचं सदस्यत्व हवं, तसा नियमच आहे. सोमवारी सकाळी प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवा. नाही जमलं तर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल."

"अहो, त्या संघटनेची परीक्षा फार अवघड असते म्हणे," बायको घरी म्हणाली.

"परीक्षा कोणाला? ज्यांच्याकडे पदवी नाही त्यांना! आमच्यासारख्यांना दार सताड उघडं. अर्ज केलाय, पदवीचा फोटो जोडलाय. संपला विषय!"

"एकदा विचारून तरी घ्या, आणखी काय काय लागतं ते."

"त्यात काय एवढं!"

शुक्रवारी सकाळी संघटनेच्या कचेरीतून पडताळणीच्या बाईंचा फोन आला. पदवी मिळाली, उत्तम आहे, पण मागची बाजू कुठे आहे? विद्यापीठ पदवीच्या मागे विषयांची यादी छापतं, ती बघितल्याशिवाय परीक्षा माफ होत नाही. मूळ कागद घेऊन या, आजच या.

मॅनेजरने मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

पदवी भिंतीवर होती. दाराच्या फळीएवढी सागवानी चौकट, तिला वेलबुट्टी, वर काच. अण्णांनी मोठ्या हौसेने करून घेतलेली! चौकटवाल्याला त्यांनी बजावून सांगितलं होतं, "कागदाला सुरकुती पडता कामा नये. जन्मभर टिकलं पाहिजे." चौकटवाला शब्दाला जागला. त्याने पदवी सुतारकामाच्या डिंकाने प्लायवूडवर पालथी नाही, सुलटी, पण चारी कोपऱ्यांसकट सपाट चिकटवून टाकली होती.

"गुणपत्रिका आहेत ना?" बायकोने विचारलं.

गुणपत्रिका घराला रंग देताना रद्दीत गेल्या होत्या. 'पदवी भिंतीवर आहे, हा कचरा कशाला?' असं त्या वेळी कोण म्हणालं होतं, हे बायकोने बोलून दाखवलं नाही. नुसतं पाहिलं!

मॅनेजरने चौकट उतरवली, खिळे काढले आणि कोपऱ्यात सुरी घातली. विद्यापीठाच्या चिन्हातला दिवा निम्मा निघून आला.

"अरे, हात लावू नकोस!" अण्णा ओरडले. "आहे तशी ने. मी येतो बरोबर. तुझा भरवसा नाही."

चौकट टॅक्सीत मावेना. टॅक्सीवाला म्हणाला, हिच्यासाठी टेम्पो बघा. शेवटी पांढऱ्या चादरीत गुंडाळून दोघांनी ती बसमध्ये चढवली. उभी चौकट, पांढरी चादर, एका बाजूला घामाघूम मुलगा, दुसऱ्या बाजूला डोळे पुसणारे म्हातारे वडील. (अण्णांना तो निघालेला दिवा आठवत होता.) सगळी बस चिडीचूप झाली. दोन माणसं जागेवरून उठली.

"कधी झालं?" शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं.

"पंधरा वर्षं झाली," अण्णा म्हणाले.

"अगं बाई! आणि अजून इतकं दुःख?"

"दुःख आजचं आहे. सकाळी याने सुरी घातली."

त्यानंतर त्यांच्या आजूबाजूला कोणीच बसलं नाही. चौकटीला मात्र ऐसपैस जागा मिळाली!

पडताळणीच्या बाई चष्मा नाकावर घेऊन बसल्या होत्या. मॅनेजरने चादर ओढून चौकट टेबलावर उभी केली. बाई चौकटीआड दिसेनाशा झाल्या.

"मागची बाजू?" पलीकडून आवाज आला.

"मागच्या बाजूला प्लायवूड आहे."

"प्लायवूडवर विषय लिहिलेत का?"

"बाई, पदवी ती पदवी! व्यवसायाची आहे, वर ठसठशीत लिहिलंय!"

"पदवीला मी नाही म्हणतेच कुठे?" बाई उठून बाजूला आल्या. "पण नाव एकच असलं तरी पोटात काय आहे ते कसं कळणार? व्यवसायाच्या पदवीत कोणी हॉटेलं शिकतं, कोणी जाहिराती. आम्हाला हिशेब, कायदा, माणसांचं व्यवस्थापन आणि व्यावसायिक नीती, हे चारही विषय झालेले लागतात. एक जरी नसला तरी त्याची परीक्षा द्यायची. ती पुढच्या वर्षी."

"विद्यापीठाला विचारा ना!"

"दीड महिना लागतो उत्तराला."

मॅनेजरच्या डोळ्यांपुढे सोमवार आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'त्यात काय एवढं' निघेना.

"सगळं शिकलाय हो तो!" अण्णा मध्येच म्हणाले. "रात्रंदिवस अभ्यास केलाय. मी चहा करून द्यायचो."

बाईंनी अण्णांकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या चहाच्या विजेच्या किटलीकडे पाहिलं.

"वाफेवर सुटेल," त्या म्हणाल्या.

पुढचा तासभर कचेरीत दुसरं काही काम झालं नाही! किटली उकळत होती, एक कारकून पट्टी धरून होता, शिपाई फुंकर मारत होता, अण्णा सगळ्यांना "हळू, हळू!" सांगत होते. अखेर पदवी सुटली. मॅनेजरने विजयी मुद्रेने ती उलटी केली, आणि मागची बाजू पांढरीफटक!

शाई प्लायवूडला चिकटून बसली होती. सगळी यादी तिथे होती, पण उलटी.

"संपलं!" मॅनेजर खुर्चीत कोसळला.

बाईंनी शांतपणे पर्समधून छोटा आरसा काढला. "हिशेब... आहे. कायदा... आहे. माणसांचं व्यवस्थापन... आहे." सगळी कचेरी त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. "नीती... नीती दिसत नाही हो."

"असणार! नक्की असणार!" अण्णा आता प्लायवूडवर नाक टेकवून शोधत होते. "हा बघा डिंकाचा गोळा! याच्याखाली बघा!"

शिपायाने नखाने गोळा खरवडला. खाली नीती होती! कचेरीत टाळ्या पडल्या. बाईंनी शेरा मारला, 'मूळ प्लायवूडवरून पडताळले', आणि तासाभरात सदस्यत्वाचं कोरं करकरीत प्रमाणपत्र हातात दिलं.

"दुसरी प्रत मिळत नाही, जपा. आणि मागची बाजू वाचून घ्या."

"हो हो, वाचतो की! त्यात काय एवढं!" मॅनेजर पूर्ववत झाला होता.

प्रमाणपत्र अण्णांच्या हाती देऊन तो थेट कारखान्यात गेला. तिथे त्याने पदवी, पात्रता आणि थेट प्रवेश या विषयावर खरेदी विभागाला छोटंसं भाषणही दिलं. निघताना अण्णांना मात्र निक्षून सांगितलं होतं, "अण्णा, चौकट नको. डिंक तर अजिबात नको!"

"नाही रे बाबा. अक्कल आली मला."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अण्णा खूश होते. "डिंकाचा थेंब नाही," ते म्हणाले. "प्लॅस्टिकमध्ये घालून लॅमिनेशन करून घेतलंय. दोन्ही बाजूंनी! पाणी शिरायचं नाही, शाई पुसायची नाही. मागची बाजूही लख्ख दिसते बघ."

खरंच लख्ख दिसत होती. बायकोने ती मोठ्याने वाचली.

"सदस्याने खालील चौकटीत शाईने सही केल्याशिवाय हे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाणार नाही."

सहीची चौकट रिकामी होती. तिच्यावर प्लॅस्टिक छान चकाकत होतं. मॅनेजरने खिशातून पेन काढून सही करून पाहिली. अण्णांनी चिंतातुर होऊन बोट फिरवलं, तर सही बोटाला लागली.

मग मॅनेजर बायकोकडे पाहून अगदी बारीक आवाजात म्हणाला, "किटली ठेवतेस?"

"चहाला?"

"नाही."