चपलांचं कपाट आणि शांततेचं अर्थशास्त्र

घोषालबाबूंच्या चपलांचं कपाट आणखी चार बोटं आपल्या दाराकडे सरकलंय, हे श्यामरावांच्या लक्षात आलं तेव्हा ते नेमके शांततेवर भाषण लिहीत होते.

त्यांचा अधिकारच तसा होता. बँकेच्या अर्थसंशोधन विभागात तीस वर्षं घालवून ते बदलीवर कोलकात्यात, बेहालाला आले होते, आणि दोन आठवड्यांनी रविवारी तिथल्या मराठी मंडळात 'अर्थशास्त्रज्ञ आणि युद्ध' या विषयावर बोलणार होते. पण भाषण राहिलं बाजूला. त्यांनी बाहेर जाऊन कपाट ढकललं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला महिन्यातलं तिसरं पत्र लिहायला घेतलं.

"शेजाऱ्याशी चपलांवरून भांडणारा माणूस लोकांना शांतता शिकवणार!" पोळ्या लाटता लाटता त्यांच्या पत्नी शकुनताई म्हणाल्या. "मी पहिल्या रांगेत बसणार हं. हसू आलं तर सांभाळून घ्या."

हे मात्र श्यामरावांना झोंबलं. रविवारच्या आत घोषालांशी समेट झालाच पाहिजे! त्यांनी टिपणं उघडली. जुन्या विचारवंतांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं: ज्यांचा आपसात व्यापार चालतो, ते सहसा लढत नाहीत. मग काय, वाटीभर श्रीखंड घेऊन त्यांनी समोरची बेल वाजवली.

संध्याकाळी वाटी परत आली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखाच कडक. वाटीत पायेश, म्हणजे तांदळाची खीर होती, आणि सोबत घोषालांच्या स्वतःच्या डब्यात भरून संदेश मिठाई.

"बघितलंस? व्यापार सुरू झाला!" श्यामराव खूश.

"आणि हा डबा रिकामा परत करू?"

डब्यातून पुरणपोळ्या गेल्या. उत्तरादाखल पातेलं आलं. पातेल्यासोबत आपला कुकर गेला. दहा दिवसांत श्यामरावांना टिपणांतलं पुढचं प्रकरण आठवलं: एकानं एक तोफ वाढवली की दुसरा दोन वाढवतो, आणि शेवटी दोघंही भिकेला लागतात. कपाट होतं तिथंच होतं. उलट आता त्यावर भांडी ठेवायची छान सोय झाली होती.

शनिवारी सकाळी लुच्यांनी, म्हणजे मैद्याच्या पुऱ्यांनी, भरलेली परात आली. शकुनताईंनी ती रिकामी करून, घासून, नवऱ्यापुढे आपटली.

"घ्या. भरा."

"मी?"

"तुमच्याच भाषणात वाचलं. लढाई ठरवणारे वेगळे आणि किंमत मोजणारे वेगळे, म्हणून लढाया लांबतात. मी मोजून मोजून दमले बाई. आता ठरवणाऱ्यानं मोजावी."

श्यामरावांनी साबुदाण्याची खिचडी करायला घेतली. अकरापर्यंत दोन बोटं भाजली होती आणि खिचडीचा सुरीनं कापावा लागेल असा गोळा झाला होता. अखेर लाज सोडून ते रिकामी परात घेऊन निघाले आणि त्यांनी बेल दाबली.

दार उघडलं. घोषालबाबूंच्या कमरेला ॲप्रन होता.

"दादा, आज कुछ मत देना!" त्यांनी हातच जोडले. "मिसेस बोला, अब तुम खुद बनाओ. सुबह से रसगुल्ला बनाता है. पत्थर हो गया!"

श्यामरावांनी परात पुढे केली.

"खाली है?" घोषालबाबूंचा विश्वास बसेना.

"एकदम खाली."

घोषालबाबू धावत आत गेले, कुकर घेऊन आले आणि झाकण काढून दाखवलं. तोही रिकामा! दोघांनी जिन्यातच एकमेकांना मिठी मारली.

कपाट दुपारीच आत गेलं. "पहले दिन बोलता तो हटा देता, दादा," घोषालबाबू म्हणाले. "आप तो सेक्रेटरी को चिट्ठी लिखा." श्यामराव ओशाळले. जरा सांगून बघावं, हे त्यांनी तीस वर्षांत एकाही पुस्तकात वाचलं नव्हतं.

रविवारच्या व्याख्यानात त्यांनी ही सगळी फजिती सांगून टाकली. लोक पोट धरून हसले, शकुनताई सगळ्यांत जास्त. टाळ्या थांबल्यावर मंडळाच्या यामिनीताईंनी शाल दिली, नारळ दिला, आणि वर एक जडशीळ स्टीलचा डबा.

"घरचे अनारसे आहेत. डबा सावकाश द्या परत, घाई नाही."

टॅक्सीत बसल्यावर शकुनताईंनी डबा उघडला आणि एक अनारसा चवीनं खाल्ला.

"सुरेख झालेत हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय करून देणार आहात?"