विनापरवाना झोप

जन्मनोंदणी कार्यालयातील कर्मचाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारावी, यासाठी त्यांनी रोज दुपारी दोन ते साडेतीन कार्यालयातच झोपावे, असा आदेश निघाला. दिवसभर पाहिलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. गाढ झोपेत माहिती जागेवर लागते आणि स्वप्नांच्या झोपेत तिचे धागे जुळतात, असं वरच्या साहेबांनी एका व्याख्यानात ऐकलं होतं. व्याख्यानात त्यांना डुलकी लागली होती, म्हणूनच बहुधा एवढं लक्षात राहिलं.

आदेशावर सगळे खूश होते. जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या अभिलेखापालाच्या जिवाला मात्र घोर लागला. खिडकीशी रोज एक नर्सबाई येऊन उभ्या राहत. इस्पितळाच्या कागदांत त्यांचं वय दहा वर्षांनी जास्त पडलं होतं. शुक्रवारी पाचपर्यंत मूळ जन्मनोंद मिळाली नाही, तर त्यांना निवृत्त करून घरी बसवणार होते. छत गळलं त्या वर्षी जुने गठ्ठे अभिलेखापालानेच हलवले होते. कुठे, ते फक्त त्याच्या डोक्यात होतं, आणि आता नेमकं आठवत नव्हतं.

"दादा, आठवलं का हो?"

"अगदी जिभेवर आहे, ताई. आज झोपून उठलो की सांगतो."

पण सरकारी झोप म्हणजे काय पोरखेळ? पेंग, हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्न असे तिचे चार टप्पे ठरले होते. प्रत्येक टप्प्यावर झोपणाऱ्याची सही घ्यायला एक निद्रा निरीक्षक नेमला होता. चारही सह्या झाल्या की स्मरणपावती मिळे, आणि त्या पावतीशिवाय कुठलाही गठ्ठा सोडायची मनाई होती.

अभिलेखापाल टेबलावर आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच खांदा गदागदा हलला.

"गाढ झोप लागली का?"

"लागली होती हो."

"मग इथे सही करा. आता स्वप्न घ्या."

बुधवारी तर स्वप्नात कपाट दिसलं, त्यामागचा गठ्ठा दिसला, त्याने हातही लांबवला...

"स्वप्न पडतंय ना?"

"पडत होतं!"

"म्हणजे तुटलं. पुन्हा पेंगेपासून सुरू करा."

गुरुवारपर्यंत कारकून शिक्का कुठे मारायचा ते विसरला आणि शिपाई कार्यालयाचा मजला विसरला. अधीक्षकांनी गंभीरपणे अहवाल पाठवला: स्मरणशक्ती घटते आहे, सबब निरीक्षक वाढवावेत. शुक्रवारी जोडीला दुसरा निरीक्षक आला. आठवडाभर सगळ्यांना उठवून पहिला दमला होता; त्याला पाहून दुसऱ्यालाही जांभई आली. दोघे खुर्चीतच घोरू लागले.

अभिलेखापाल दीड तास सलग झोपला आणि उठला तो ओरडतच, "पाणीपट्टीच्या कपाटामागे! सतरा नंबरचा गठ्ठा!"

नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अधीक्षकांनी चष्मा पुसला.

"स्मरणपावती?"

"साहेब, निरीक्षकच झोपले होते."

"म्हणजे तुमची झोप विनापरवाना झाली. अशा झोपेतली आठवण कार्यालयाला मान्य करता येणार नाही."

"अहो, चार पावलांवर आहे. नुसतं डोकावून बघा!"

"बघितलं तर माझ्या लक्षात राहील. मग मलाही सह्या करत झोपावं लागेल."

या वादावादीत घड्याळात पावणेपाच झाले होते. अभिलेखापालाने हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने साहेबांसमोर आवाज चढवला होता. अधीक्षकांनी नियमावली चाळली. "तीन नागरिकांनी लेखी दिलं की आम्ही ऐकलं, तर विचार करू."

नर्सबाई रांगेकडे वळल्या. "ऐकलंत ना हो सगळ्यांनी?"

रांगेत चारच माणसं उरली होती. सगळ्यात पुढच्या आजींनी सही केली. त्यांच्यामागच्या सुताराने पेन्सिल कानामागून काढली, मग साहेबांनी पेनच लागेल म्हटलं म्हणून पेनने सही केली. तिसरा म्हणाला, "मला त्या कानाने कमी ऐकू येतं."

चौथे तुम्ही होतात. तुमच्या अर्जावर त्याच अधीक्षकांची सही व्हायची होती. नर्सबाईंनी कागद पुढे केला, तेव्हा तुम्ही छताकडे पाहिलंत आणि म्हणालात, "माझं लक्ष नव्हतं हो."

पाच वाजले. खिडकी बंद झाली.

त्या रात्री तुम्हाला छान झोप लागली. चारही टप्पे, कुणीही न उठवता. सकाळी उठलात तेव्हा अर्जाचा क्रमांक तोंडपाठ होता, आणि नर्सबाईंचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता.